हायड्रोजन पेरॉक्साइड पिऊ नका, पातळ करूनसुद्धा

आमच्या फोंड्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एकच वाद पेटलाय: हायड्रोजन पेरॉक्साइड या जंतुनाशक रसायनाच्या 35 टक्के द्रावणाचे किती थेंब किती पाण्यात घालून प्यायचे? एका बाजूचे म्हणतात, तीन थेंबांपासून पंचवीसपर्यंत चढवत न्या, शरीरात ऑक्सिजन वाढतो, कॅन्सरही हटतो. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आधी 3 टक्क्यांवर आणा, मग घ्या. मी हायर सेकंडरीत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून दोघेही मलाच प्रमाण विचारतात. एक भाग द्रावणाला साधारण अकरा भाग पाणी घातलं की 3 टक्के होतं. पण प्यायचं औषध ते कुठल्याच प्रमाणात होत नाही!

हिशेब करून बघा. पंचवीस थेंब म्हणजे जेमतेम सव्वा मिलिलिटर. त्यातून निघेल साधारण 160 मिलिलिटर ऑक्सिजन. नुसता बसलेला माणूस मिनिटाला 250 मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो. म्हणजे एवढा उपद्व्याप करून मिनिटभराचाही प्राणवायू मिळत नाही, आणि जो मिळतो तो पोटात. श्वास फुप्फुसांनी घ्यायचा असतो.

माझी खरी भीती थेंबांची नाही, घरात आलेल्या त्या बाटलीची आहे. दिसायला पाणी. कुणी ती फ्रिजमध्ये ठेवतं, आणि तहानलेलं पोर 20 मिलिलिटरचा एक घोट घेतं. पोटात अडीच लिटर वायू तयार होऊ शकतो. अन्ननलिका भाजते, जठर फाटू शकतं, वायूचे बुडबुडे रक्तातून मेंदूत गेले तर पक्षाघात, मृत्यूसुद्धा. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने 2006 मध्येच याबद्दल इशारा दिलाय. लेबलवरच्या ‘फूड ग्रेड’ला भुलू नका, दूध-ज्यूसची खोकी निर्जंतुक करायला ते वापरतात.

फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांचं नाव हमखास असतं. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामाला. पेरॉक्साइड पिण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

लोक यावर विश्वास का ठेवतात, ते मला कळतं. मे 2021 मध्ये आपल्या गोव्यात ऑक्सिजनसाठी माणसं कशी धावत होती ते आपण पाहिलंय. घरात कॅन्सरचा पेशंट असला की माणूस काहीही करून बघायला तयार होतो. त्या माणसांवर मला राग नाही. त्यांना बाटली विकणाऱ्यांवर आहे, आणि तो मी लपवणार नाही.

फार्मसीतलं पातळ द्रावण दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तर चूळ भरून थुंका. जखमेला साबण आणि वाहतं पाणी बरं. फेसाळणारं पेरॉक्साइड नव्या पेशीही मारतं. कुणी जास्त तीव्र द्रावण प्यायलं तर उलटी करवू नका, लगेच 108 ला फोन करा. घरात 35 टक्क्यांची बाटली असेल तर आतल्या द्रावणाला हात लावू नका, दुसऱ्या बाटलीत ओतू नका, मुलांपासून लांब ठेवा आणि मला मेसेज करा. फोंड्याच्या आसपास असाल तर मी स्वतः येईन.