भुयार कुठंय, तेवढं सांगा

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला, अजिंक्यताऱ्याच्या मंगळाई बुरुजाकडं जाताना, मीच आखलेल्या सहलीत मी शेवटून दुसरा होतो. माझ्यामागं एक कुत्रं होतं. बिस्किटं पुढं कुणाकडं आहेत हे कळल्यावर तेही मला ओलांडून गेलं.

आम्ही साताऱ्यातली इतिहासप्रेमी मंडळी. प्रेमी म्हणजे कसं, की इतिहासाचं काही चाललं असेल तर आम्ही जातो, नाश्ता असेल तर वेळेवर जातो. रणभूमी पायी फिरून बघायची ही कल्पना माझी. लोक पानिपतला जाऊन येतात, हळदीघाटीला जाऊन माती कपाळाला लावतात, आणि आपल्या डोक्यावर रोज दिसणाऱ्या किल्ल्याला खुद्द औरंगजेब वेढा घालून बसला होता, तिकडं आपण फक्त वजन कमी करायला जातो, असं मी पहिल्याच बैठकीत म्हणालो. वाक्य घरी पाठ करून नेलं होतं. त्यावर अध्यक्षांनी विचारलं, "तारीख धरायची का तिथी?"

त्यात पहिली बैठक गेली. दुसरी बैठक पोहे की उपीट यात गेली. उपीट गार झालं की त्याची वीट होते, हा पोहेवाल्यांचा मुद्दा. पोहे वर नेईस्तोवर कोरडे पडतात, हा उपीटवाल्यांचा. तिसऱ्या बैठकीत टी-शर्टावर वाघनखं छापायची ठरली. मी म्हटलं, अहो, वाघनखं प्रतापगडाची, १६५९ सालची. हा वेढा १६९९चा. मध्ये चाळीस वर्षं गेली. तर बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद म्हणाले, "पण ती लंडनहून आली ती साताऱ्यातच आली ना?" आता हे खरं आहे. जुलै २०२४ मध्ये ती इथल्या संग्रहालयात आली, रांगा लागल्या, मीही उभा होतो. आणि ती लंडनला पोचली होती ग्रँट डफच्या घराण्यामार्फत, तो डफ म्हणजे साताऱ्याचाच इंग्रज रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, आणि या वेढ्याची हकिगतही त्यानं लिहिली आहे, म्हणजे ओढूनताणून संबंध लागतो, असं मी सांगायला लागलो. "म्हणजे संबंध आहे!" असं म्हणून विषय संपवण्यात आला. टी-शर्ट तेवीस छापले. माणसं अकरा आली. उरलेले बारा सध्या माझ्या घरी आहेत, आणि बायको त्यांनी ओटा पुसते.

अध्यक्षांनी शेवटी एक शंका काढलीच होती. "पण किल्ला गेला ना हो त्यात? मग आपण नक्की साजरं काय करायचं?" मी म्हटलं, साजरं नाही करायचं, बघायचं. ते म्हणाले, "फ्लेक्सवर काय लिहिणार, 'बघायचं'?"

असो. अदालतवाड्याच्या बाजूनं वर निघालो. माझ्या हातात बारा पानांचं टिपण, अध्यक्षांच्या हातात काही नाही, कारण ते अध्यक्ष. दरवाजाच्या आत जरा मोकळ्यात सगळ्यांना उभं केलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "डिसेंबर १६९९. औरंगजेबाचं वय एक्क्याऐंशी."

फट्‌! फट्‌! फट्‌!

मागं वळून पाहिलं. माकडटोपी, पांढरी अर्धी चड्डी, वर नातवाच्या शाळेचा असावा असा मरून स्वेटर, काखेत काठी. हे काका टाळ्या वाजवत येत होते. कौतुकाच्या नव्हेत, रक्ताभिसरणाच्या. सकाळी किल्ल्यावर येणाऱ्यांत टाळ्यांचा एक पंथ आहे, त्यातले हे जुने गुरू. खिशातल्या मोबाईलवर काकडआरती, दुसऱ्या खिशात कुत्र्यांसाठी ग्लुकोज बिस्किटं.

"चालू द्या, चालू द्या," काका म्हणाले आणि गेले नाहीत.

"औरंगजेबाचं वय एक्क्याऐंशी," मी पुन्हा म्हणालो.

"माझं अठ्ठ्याहत्तर," काका म्हणाले. "रोज चढतो. तो चढला हुता का?"

आता हे खोटं कसं म्हणू? बादशहा खालीच छावणीत होता. मी "नाही" म्हटलं. अकरापैकी नऊजण हसले, आणि त्या क्षणी सहल माझ्या हातून गेली. किल्ला साडेचार महिने लढला. मी सव्वा मिनिट.

तरी मी रेटलं. मंगळाई बुरुजाशी आलो. खाली सगळं सातारा पसरलेलं, एका बाजूला यवतेश्वरचा डोंगर, धुकं, डिसेंबरचं कोवळं ऊन. माझ्या टिपणातली सगळ्यात चांगली जागा हीच. वेढा लांबला तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले आणि दारू ठासली. एप्रिल १७०० मध्ये बत्ती दिली. पहिल्या स्फोटात तट उडाला, आतली माणसं गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि देवीच्या देवळापाशी जिवंत सापडले. आणि दुसरा सुरुंग उडाला तो उलटा. तटाचा तो सगळा डोंगर खाली हल्ल्यासाठी दाटीनं उभ्या असलेल्या मोगलांवरच कोसळला. डफ दोन हजारांवर माणसं मेल्याचं लिहितो. दोन हजार! घरी आरशासमोर हे म्हणताना माझ्याच अंगावर काटा आला होता. इथं मी "सुरुंग खणले" एवढंच म्हणालो होतो.

"म्हंजे भुयार," काका म्हणाले.

"भुयार नाही, सुरुंग. म्हणजे तसं खणलेलंच, पण..."

"बघा!" काका मंडळींकडं वळले. "सरांनी पण कबूल केलं. भुयार हाय."

इथं वाचकांपैकी ज्यांना किल्ल्यांचा अनुभव आहे त्यांनी सुस्कारा सोडला असेल. महाराष्ट्रात असा किल्ला नाही, की ज्याच्यातून दुसऱ्या किल्ल्यात भुयार जात नाही. ही सगळी भुयारं खरी असती तर सह्याद्री एव्हाना बसला असता.

"हितनं सज्जनगडाला निघतं," काकांनी काठीनं झुडपातली एक खबदाड दाखवली. "घोडा जाईल एवढं. आमच्या आज्यानं बघितलंय."

मंडळी झुडपाकडं सरकली. बँकवाल्यांनी मोबाईलची बॅटरी लावली. मी टिपण गुंडाळलं आणि ठरवलं, की याला पुराव्यानं गाठायचं.

"काका, ऐका. सज्जनगड म्हणजे तेव्हाचा परळीचा किल्ला. तिथं परशुरामपंत होते, त्र्यंबकपंतांचे चिरंजीव, पुढं छत्रपतींचे प्रतिनिधी झाले ते. इथली शिबंदी उपाशी मरायला लागली तेव्हा त्यांनी तिकडनं धान्य पाठवलं. कसं पाठवलं? डफ सांगतो, औरंगजेबाचा मुलगा आझम इथं वेढ्यातच होता, त्याला पैसे चारले आणि त्यानं काणाडोळा केला. आता मला सांगा, भुयार असतं तर शत्रूला पैसे कशाला चारले असते?"

शांतता. कुत्रंसुद्धा थांबलं. आयुष्यात क्वचित मिळतो असा तो क्षण होता. मी अध्यक्षांकडं बघितलं, त्यांनी मान हलवली.

काकांनी तीन टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "पैसं भुयाराच्या तोंडाशीच दिलं असणार की! आझम म्हंजी राजपुत्र. तो काय दरवाज्यात उभा ऱ्हाऊन पैसं घ्यील?"

"हां, ते आहे," अध्यक्ष म्हणाले.

पुढचा पाऊण तास मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारल्याची बातमी आली, नंतर किल्ला सोडावा लागला, बादशहानं मुलाच्या नावावरून त्याचं नाव आझमतारा ठेवलं, जूनमध्ये परळीही गेली. हे सगळं मी एका तरुण जोडप्याला सांगितलं, पण ते आमच्या सहलीतलं नव्हतं. मुलगा सभ्य होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "सर, भुयार कुठंय?"

मला रागावायचं नाहीये. पण तटाच्या ज्या दगडाशी मी उभा होतो त्यावर पांढऱ्या रंगात कुणा एकाचं कुणा दुसरीवर प्रेम असल्याचं लिहिलं होतं, बदाम काढून, शेजारी साल घालून. आधीच्या वर्षाचं दुसरं नाव खोडून. झुडपात चिप्सची पाकिटं, आणि बाटल्या, त्या पाण्याच्या नव्हेत. ज्या काकांच्या आज्यानं भुयार बघितलं, त्या काकांनी तीस वर्षांत ही पाकिटं बघितली नाहीत का? आणि आम्ही? आमच्या टी-शर्टांवर अजिंक्यताऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. मी खाली वाकून चार पाकिटं उचलली, तर एक सभासद म्हणाले, "बरं झालं, नाश्त्याच्या प्लेटा पण त्यातच घ्या."

नाश्ता चांगला झाला, एवढं सर्वांनी कबूल केलं. शेवटी पोहेच केले होते. काकांनी दोन प्लेटा खाल्ल्या. चहा सगळ्यांना काकांनी सांगितला, म्हणजे चहावाल्याला हाक काकांनी मारली. तीनशे चाळीस रुपये मी दिले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, सांगता चांगलं. पण वाचून नगा सांगू. किल्ल्यावर येत जा रोज. म्हंजी कळंल."

संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांचा आभाराचा मजकूर आला. काकांना "अजिंक्यताऱ्याचा चालता-बोलता इतिहास" म्हटलं होतं. फोटोत मध्यभागी काका, झुडपाकडं काठी रोखून. त्यांच्या डाव्या कोपराच्या वर माझा कान आहे. मजकुराच्या शेवटी "तसेच पाण्याच्या बाटल्यांची व्यवस्था पाहणारे आपले सभासद" असा जो उल्लेख आहे, तो मी. बाटल्या बँकवाल्यांनी आणल्या होत्या.

मी रात्री अकरापर्यंत बसून उत्तर लिहिलं. वेढ्याचा क्रम, दोन्ही सुरुंग, प्रयागजी, आझमची लाच, आणि भुयार का असू शकत नाही याची पाच कारणं. त्याला एक अंगठा आला. तो चुकून लागला असावा, कारण थोड्या वेळानं काढला होता.

काल नवा मेसेज आलाय. पुढच्या महिन्यात "भुयार शोध मोहीम". मार्गदर्शक काका. प्रत्येकानं बॅटरी आणायची, दोरी अध्यक्ष आणणार. तेवीसच्या तेवीस नावं तासाभरात आली. खाली अध्यक्षांनी मला टॅग करून विचारलं होतं, नाश्त्याचं तुम्हीच बघाल ना?

फोन उलटा ठेवून मी जेवून घेतलं. भांडी आवरली. मग पुन्हा उचलला आणि विचारलं, पोहे की उपीट?