‘दोन दिवस फुकट बसवून ठेवले’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

कमी खर्चाचा म्हणून जाहीर केलेल्या ट्रेकमध्ये वाटेत दोन दिवस नुसते बसवून ठेवून त्यांचे पैसे लावले, विम्याची सक्ती केली आणि ‘नुसते डोके दुखत असताना’ खिंडीच्या अलीकडूनच खाली उतरवून परतावाही दिला नाही, असे आपले आक्षेप आहेत. आपला अभिप्राय वाचून इतर जणही आपल्या खर्चाचा अंदाज बांधतील, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

साधारण 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असे पर्वतीय वैद्यकातील तज्ज्ञ सांगतात. आपले ते दोन दिवस याचसाठी होते. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच उरतो आणि शरीर त्या विरळ हवेला आपल्याच गतीने सरावते. रोज धावणाऱ्या माणसालाही त्यातून सूट मिळत नाही. आपण ज्या आयोजकाचा स्वस्त दर उदाहरणादाखल दिला आहे, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक मुक्कामाची उंची आदल्या रात्रीच्या उंचीशेजारी मांडून पाहावी. दर कुठून कमी झाला आहे, हे बहुधा तिथेच दिसेल.

काटकसरीला आमचा विरोध नाही, किंबहुना आमचा व्यवसायच तिच्यावर चालतो. गाइड, स्वयंपाकी, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी यांचा खर्च चार जणांच्या गटाला जवळपास तेवढाच येतो जेवढा आठ जणांच्या, त्यामुळे तारखांबाबत थोडी लवचीकता ठेवून भरलेल्या गटात सामील होणे ही सर्वांत मोठी बचत. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यावी. मात्र बॅगेवरचे ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल असे) तापमान पाहावे, ‘लिमिट’ (जेमतेम सहन होईल असे) नव्हे, कारण दुसरा आकडा वाचून घेतलेल्या बॅगेत रात्रभर कुडकुडावे लागते. पायथ्यापर्यंत विमानाऐवजी रस्त्याने टप्प्याटप्प्याने आल्यास पैसे वाचतात आणि उंचीची सवयही थोडी आधी सुरू होते. इंधनात मात्र कपात करता येत नाही. 4,000 मीटरवर पाणी सुमारे 87 अंशांनाच उकळते, अन्न शिजायला वेळ लागतो, आणि बर्फ वितळवून पाणी करायची वेळ आली तर गॅस पाहता पाहता संपतो.

विम्याची अट आम्ही काढणार नाही. पॉलिसी घेताना तिच्यातील उंचीची मर्यादा अवश्य वाचावी, कारण अनेक साध्या प्रवासविम्यांत ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक किंवा हेलिकॉप्टरने केलेली सुटका धरलेलीच नसते.

आपल्याला खाली का उतरवले, याचा सगळा वैद्यकीय तपशील इथे उघड करणे योग्य नाही. डोकेदुखीचा उल्लेख आपणच केला आहे, म्हणून कार्यपद्धती तेवढी सांगतो. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला जातो. गार बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे हात चोळून ऊब आल्यावरच नोंद होते आणि केवळ त्या आकड्यावर निर्णय घेतला जात नाही. डोकेदुखीसोबत मळमळ, उलटी किंवा न ओसरणारा थकवा असेल तर पुढची चढाई थांबते. त्यानंतर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगतात. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याची शंका धरून, रात्र असली तरी, माणसाला खाली नेण्याची तयारी सुरू होते. गोळीने डोके दुखायचे थांबले म्हणून वर जाऊ देणारा गाइड आम्हाला नको आहे.

परताव्याबद्दल सांगायचे तर परवाने, पोर्टरची मजुरी आणि वर नेलेला शिधा यांचे पैसे गट निघण्यापूर्वीच खर्च झालेले असतात, आणि आपल्यासोबत खाली आलेल्या गाइडचा जादा खर्च आम्ही आपल्याकडून घेतलेला नाही. आपल्या पॉलिसीत प्रवास खंडित झाल्याची भरपाई असेल, तर दाव्यासाठी लागणारे पत्र आणि आपल्या रोजच्या तपासणीच्या नोंदींची प्रत आम्ही देऊ. नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवरून तशी मागणी करावी.