दुखणं अंगावर कसं काढावं

दुखणं अंगावर काढायची कला आम्हा बेळगावकरांना शिकवावी लागत नाही. १९५६ पासून आपण महाराष्ट्रात जायची वाट बघतोय, २००४ पासूनचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. पायाची सूज आणखी चार महिने थांबली तर काय बिघडलं?

तेव्हा पहिलं पथ्य, हृदयाच्या कारभारात लक्ष घालू नये. ते बिचारं निभावून नेतं. जोर कमी पडला की ठोके वाढवतं. तेवढ्यानं भागेना तर मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात. हृदय ताणून मोठं होतं. असं वर्षानुवर्षं चालू शकतं, आणि तुम्ही शनिवार खुटावरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत घरी येता. म्हणजे तब्येत ठणठणीत!

मधेमधे शरीर कुरकुरतं, तिकडे काणाडोळा करावा. राजहंसगडाचा चढ राहू दे, घरच्या जिन्यावर धाप लागते? वय झालं म्हणा. पन्नाशीत असं म्हणायला कुणाची बंदी आहे? संध्याकाळी मोजे काढले की पोटरीवर रबराचा खोल वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. चप्पल एक नंबर मोठी घ्या, खडेबाजारात मिळते. आडवं पडल्यावर जीव घुसमटतो? उशी वाढवा. मग आणखी एक. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर कुंद्याच्या माथी मारा. अंगात पाणी साठलंय असले अभद्र विचार नकोत. लोणचं-पापड चालू ठेवा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणा. त्यातल्या बऱ्याच मीठ-पाणी आणखी धरायला लावतात, म्हणजे मूत्रपिंडांना तेवढाच हातभार.

मग एखाद्या रात्री साधा ताप-खोकला निमित्त होतो आणि इतके दिवस ज्यांनी तारलं तेच उलटतात. वाढलेले ठोके दमलेल्या स्नायूला आणखी दमवतात, आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना तो टेकीला येतो, साठलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. पहाटे खिडकीशी बसून श्वास ओढावा लागतो.

घाबरू नका, पुढचं सोपं आहे. दवाखान्यात डॉक्टर विचारतील, कधीपासून त्रास? बोलायला दम पुरला तर ठणकावून सांगा, ‘काल रात्रीपर्यंत काहीच नव्हतं की हो, एकदम झालं!’ सूनबाई मधेच उशांचा विषय काढू लागली, तर तिला केसपेपर करायला खाली पाठवा.