प्रतिक्रियेला उत्तर : ‘भोसरीचा मालक पाच हजारांवर जात नाही’

नमस्कार. नोकरी सांभाळून प्रोग्रामिंगची जोडकामं मिळवण्यावरच्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत : भोसरी-चाकणचा लघुउद्योजक पाच हजारांवर जात नाही, ठरलेले पैसेही बुडवतो, आणि नेमणूकपत्रात मनाई असताना हे सुचवणंच चूक, त्यापेक्षा अपवर्क (ऑनलाइन फ्रीलान्स कामं मिळवायची वेबसाइट) बरं.

तिसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. लेखात ते सुटलं. नेमणूकपत्रात दोन कलमं वेगवेगळी शोधा : ‘अन्य काम करणार नाही’ आणि ‘नोकरीच्या काळात केलेलं सगळं कंपनीचं’. पहिल्यासाठी एचआरची परवानगी ईमेलवर घ्या. विप्रोने २०२२मध्ये ३०० जणांना काढलं, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करत असल्याच्या कारणावरून. दुसऱ्या कलमापायी कंपनीचा लॅपटॉप, खाती आणि ऑफिसची वेळ यांना हातही लावू नका. परवानगी मिळाली नाही तर विषय संपला. बायकोच्या नावाने बिल फाडणं ही पळवाट नव्हे.

आता पाच हजार. वेबसाइट विकायला गेलात तर मालकाला पाच हजारही जास्तच वाटणार, भाच्याने फुकट करून दिलेली असते. त्याची डोकेदुखी वेगळी असते. उदाहरणार्थ, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली येणी. अकाउंटंट रोज दीड तास पार्टीवार उधारी काढून मालकाला पाठवतो, असं धरू. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३९ तास. पगार १८,००० आणि कामाचे तास २०८, तर तासाला ८६ रुपये. महिन्याला साधारण ३,३५०. तुमचं ३०,००० चं कोटेशन नऊ महिन्यांत वसूल. हा हिशेब कोटेशनच्या पहिल्याच पानावर घाला, मालक तो मनात करणारच आहे.

काम वरवर सोपं. टॅलीचा एक्सएमएल सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला टॅलीतला डेटा देणारी सोय, चालू करायचा (पोर्ट सहसा ९०००), पायथनने येण्यांचा रिपोर्ट मागायचा, ईमेलने पाठवायचा. डेमो एका संध्याकाळीत होतो. पुढचे दिवस खातात ते हे : टॅली उघडी आणि कंपनी लोड असावी लागते, त्यामुळे पहाटे सहाला आपोआप चालणारी स्क्रिप्ट रोज फसते, अकराची वेळ लावा. टॅलीच्या उत्तरात ‘प्रायमरी’ या शब्दाच्या आधी चार नंबरचं कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारं चिन्ह) येतं. एक्सएमएल १.०मध्ये ते चालत नाही, पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) तिथेच आपटतो. पार्स करण्याआधी मजकुरातून गाळून टाका. आणि एप्रिलमध्ये अकाउंटंटने टॅलीत कंपनी स्प्लिट केली (नव्या वर्षाचे हिशेब वेगळे केले) की तिचं टॅलीतलं नाव बदलतं. स्क्रिप्ट जुनंच नाव मागत बसते. यादी रिकामी आली तर ‘उधारी शून्य’ न पाठवता एरर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर हवं म्हणाले तर अधिकृत एपीआयच (प्रोग्राममधून मेसेज पाठवायची व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःची सोय) वापरा. अनधिकृत लायब्ररीमुळे मालकाचा धंद्याचा नंबर ब्लॉक झाला तर उरलेले पैसे मागायचीही सोय राहत नाही.

पैसे बुडतात हे खरं, पण बहुतेकदा सगळं हातात देऊन झाल्यावर. ४० टक्के कामाआधी, ४० त्यांच्या पीसीवर त्यांचाच डेटा दिसल्यावर, २० महिनाभर चालल्यावर. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार नोकर नसलेल्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा लिहिणाराच असतो. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित’ ही ओळ करारात हवीच. (मुदत आणि प्रदेश लिहिला नाही तर हस्तांतर पाच वर्षांचं आणि भारतापुरतं धरतात. मालकाचा वकील हे विचारेल.) उद्यम नोंदणी (सरकारदरबारी सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद) फुकट होते, ती कामाआधीच करा. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी कराराशिवाय १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. मुदत टळली की आयकर कायद्याप्रमाणे मालकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्चमध्ये मालकाचा सीएच तुमच्या वतीने तगादा लावतो.

पुढच्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभाल करार), किमतीच्या १५ ते २० टक्के. कॉम्प्रेसरची भरणाऱ्याला हा शब्द समजावावा लागत नाही.

अपवर्कला विरोध नाही. फक्त तिथे अर्जालाही पैसे पडतात : एक कनेक्ट (अर्जासाठी विकत घ्यायचं टोकन) ०.१५ डॉलर. अर्जाला १२ कनेक्ट धरले तर वीस अर्जांना ३६ डॉलर, काम मिळो न मिळो. मिळालंच, तर बँकेला पर्पज कोड (परदेशी पैसे कशाचे ते सांगणारा) पी०८०२ सांगा आणि प्रत्येक रकमेचा एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) मागून ठेवा.