हळदीचा अर्क, मिरी आणि '2000 टक्के'

"हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलसोबत चिमूटभर मिरी घ्या, शोषण 2000 टक्क्यांनी वाढतं आणि आतडी ठणठणीत होतात," असा मेसेज सगळीकडे फिरतोय. आकडा एका खऱ्या प्रयोगातला आहे, पण त्यावर रचलेले दावे टिकत नाहीत.

"शोषण 2000 टक्क्यांनी वाढतं." 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत (हळदीतला मुख्य सक्रिय घटक) 20 मिलिग्रॅम पिपरिन (मिरीतला तिखट घटक) दिलं होतं. नुसतं कर्क्युमिन घेतल्यावर ते रक्तात जेमतेम सापडत होतं. इतक्या कमी पातळीची कितीही पट केली तरी ती फार होत नाही, आणि वाढही पहिल्या तासाभरातच दिसली. चमचाभर हळदीला तर हा हिशेब लागूच पडत नाही, कारण 3 ग्रॅम हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 90 मिलिग्रॅम.

"मिरीच ती, तिचा कसला अपाय?" जेवणातल्या मिरीचा नाहीच. प्रश्न रोजच्या कॅप्सूलमधल्या पिपरिनचा आहे. पिपरिन कर्क्युमिनला विरघळवत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत अशा पदार्थांचं रूप बदलून त्यांना शरीराबाहेर टाकतात, ते कामच पिपरिन मंदावतं. हीच यंत्रणा औषधांचाही निचरा करते. म्हणून फेनिटॉइन (फिटचं औषध), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब-हृदयाचं औषध), थिओफायलिन (दम्याचं औषध) यांची रक्तातली पातळी पिपरिनमुळे वाढते. हळद-मिरीच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी.

"जितकं शोषण जास्त, तितकी आतडी निरोगी." इथे तर गाडी उलट्या दिशेने चाललीय. न शोषलेलं कर्क्युमिनच मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, अस्तराला थेट लागतं आणि तिथले जिवाणू त्याचं टेट्राहायड्रोकर्क्युमिन हे दुसरं रूप करतात. 2006 च्या एका चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण होणारा आजार) आटोक्यात असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दोन वेळांत विभागून दिलं. सहा महिन्यांत आजार पुन्हा उफाळला तो कर्क्युमिन गटात 43 पैकी 2 जणांना, कर्क्युमिनऐवजी नकली गोळी मिळालेल्या गटात 39 पैकी 8 जणांना. नेहमीची औषधं कुणाचीच थांबवली नव्हती, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी जरूर वाचावं.

अर्क घ्यायचाच असेल तर उपाशीपोटी नको. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून तो थोडं तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्यावा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात कालवू नये, अल्कधर्मी द्रावणात कर्क्युमिन लवकर फुटतं. लेबलवर 'अर्क 500 मिलिग्रॅम' एवढंच असेल तर त्यात कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याच्या जातीचे घटक) किती, ते कळत नाही. तो आकडा वेगळा छापलेला हवा, पिपरिनचाही. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क सुरू करू नये.