आई रडली नाही म्हणून ती खोटी? त्या ‘सात खुणां’ना माझं उत्तर

सध्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, ‘मूल पळवलं म्हणून सांगणारे आईबाप खोटं बोलतायत हे ओळखायच्या सात खुणा’. कोणा निवृत्त अधिकाऱ्याने लिहिलाय म्हणे, पण ना नाव ना गाव. सार असं, की खरी आई धाय मोकलून रडते, खोटी रडत नाही. खोट्यांचं बोलणं बदलत जातं. ते लगेच वकील करतात. दोन दिवसांत पुन्हा कामाला लागतात. नव्वद टक्के केसेसमध्ये घरचेच असतात. परदेशातल्या मॅडलीन मॅक्कनच्या केसमध्ये कुत्र्यांनी आणि डीएनएने आईबापांनाच पकडून दिलं. आणि शेवटचं, पोलीस चोवीस तास तक्रार घेतच नाहीत, त्यामुळे जो त्याआधीच आरडाओरडा करतो त्याने गोष्ट आधीपासून रचलेली असते.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. हा नाही सोडणार, कारण आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या मुलीला, जेमतेम आठवीतली पोर, ओळखीच्याच एका माणसाने फूस लावून नेलं होतं. मुलगी आता घरी आहे, त्यापलीकडे तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. पण ती सापडायच्या आधीच भिशीच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि बायका ताईंना त्यात बसवायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी कामाला आली होती बघा. डोळ्यात टिपूस नव्हता. आणि माझी स्वतःची आई, जी ताईंना इतकी वर्षं ओळखते, ती मला हळूच म्हणाली, "अगं पण ती खरंच रडली नाही गं." मला तेव्हा जो संताप आला तो अजून गेलेला नाही. ताई कामाला का आल्या तर आल्या नसत्या तर पगार कापला गेला असता, शोधाशोध करायला रिक्षाचे पैसे लागत होते आणि ते चार घरून उसने घ्यायचे होते. हे त्या बायकांपैकी एकीनेही विचारलं नाही.

तर रडण्याचंच आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच खुणेने होतं.

ऑस्ट्रेलियात 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री उलुरूपाशी, तेव्हा त्याला एअर्स रॉक म्हणत, एक कुटुंब तंबू ठोकून राहिलं होतं. आई लिंडी चेंबरलेन, वडील मायकल, आणि नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया. आई ओरडली की डिंगोने, म्हणजे तिथल्या रानटी कुत्र्याने, बाळाला तंबूतून उचलून नेलं. तिथेच मुक्कामाला असलेल्या दुसऱ्या एका बाईने बाळाचा आवाज ऐकला होता. पहिल्या चौकशीत कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, फेब्रुवारी 1981 मध्ये टीव्हीवर जाहीर सांगितलं की आई खरं बोलतेय, डिंगोनेच नेलं. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण लोकांना ती बाई पटली नाही. टीव्हीवर ती रडायची नाही, शांतपणे, जरा कोरडंच बोलायची, कपडे नीटनेटके असायचे, आणि घरदार एका छोट्या ख्रिस्ती पंथाचं, त्यामुळे बळी दिला वगैरे अफवाही उठल्या. पुन्हा चौकशी लागली, खटला उभा राहिला. सरकारी पक्षाचं म्हणणं, आईने गाडीच्या पुढच्या सीटवर बाळाचा गळा कापला. पुरावा काय, तर गाडीत तान्ह्या बाळाच्या रक्ताचे डाग सापडले. ऑक्टोबर 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. तेव्हा ती गरोदर होती, पुढची मुलगी तुरुंगात असतानाच झाली.

आणि ते रक्त? पुढे कळलं की त्यातला महत्त्वाचा फवारा रक्ताचा नव्हताच, गाडीचा आवाज दबावा म्हणून कारखान्यात मारतात त्या रसायनाचा होता. आई सुरुवातीपासून सांगत होती की बाळाच्या अंगात वरून एक छोटं जॅकेट होतं, त्यावर सरकारी वकील म्हणत होते की असं जॅकेट नव्हतंच, ही खोटं बोलतेय. फेब्रुवारी 1986 मध्ये त्याच डोंगरावरून एक पर्यटक पडून मेला, त्याचा शोध घेताना डिंगोंच्या वावराच्या जागी ते जॅकेट मिळालं. काही दिवसांत तिला सोडलं. 1987 मध्ये चौकशी आयोगाने तो सगळा पुरावा उलगडून ठेवला, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि 12 जून 2012 ला, म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षांनी, कॉरोनरने अधिकृत लिहून दिलं की बाळाला डिंगोने नेलं. तीन वर्षांहून जास्त ती बाई तुरुंगात होती, आणि तिच्याविरुद्ध लोकांच्या मनात पहिल्या दिवसापासून जे होतं ते एवढंच, की ही रडत का नाही.

आता उलटी बाजू बघा. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये युनियन नावाच्या गावी ऑक्टोबर 1994 मध्ये सुझन स्मिथ नावाच्या आईने सांगितलं की एका काळ्या माणसाने आपली गाडी दोन मुलांसकट पळवली. ती टीव्हीवर रडली, मुलांना परत द्या म्हणून रडून रडून विनंती केली, सगळा देश तिच्यासोबत रडला. नऊ दिवसांनी तिने कबूल केलं की गाडी तिनेच तळ्यात सोडली होती, मुलं आत असताना. म्हणजे मेसेजमधली पहिली खूण लावली असती तर ही निर्दोष आणि लिंडी खुनी. दोन्ही उत्तरं चुकली. आणि सुझनवर पोलिसांना संशय आला तो कशावरून? ती म्हणाली होती की चौकात लाल सिग्नलला थांबले तेव्हा दुसरी गाडी नव्हती, पण तो सिग्नल आडव्या रस्त्याने गाडी आल्याशिवाय लाल व्हायचाच नाही. याला तपास म्हणतात. पोलिसांनी तिचे अश्रू मोजले नाहीत, तिने सांगितलेलं चौकात जाऊन पडताळलं.

आपल्याकडेही आरुषी तलवारच्या आईचा चेहरा टीव्हीवर बघून घराघरात निकाल लागला होताच. ती केस अपहरणाची नव्हती हे मान्य, पण आईचा चेहरा वाचायची खोड तीच. त्या आईबापांना मुलीच्या खुनासाठी 2013 मध्ये जन्मठेप झाली आणि 2017 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने दोघांनाही सोडलं.

माणूस मोठ्या धक्क्यात कसा वागेल हे आधी कोणीही सांगू शकत नाही. कोणी गोठतं, कोणी भांडी घासतं, कोणी तेच तेच बोलत राहतं. आपल्या घरांतसुद्धा माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत खंबीरपणे सगळं करणारी आणि महिन्याभराने न्हाणीघरात बसून रडणारी बाई कोणी पाहिलेली नाही? मग दुसऱ्याच्या बाईलाच का वेगळा नियम?

बोलणं बदलतं याबद्दल फार लिहीत नाही. घाबरलेल्या माणसाला सात वाजले होते की साडेसात हे आठवत नाही, आणि चार अधिकाऱ्यांनी चार वेळा विचारलं की चार प्रकारे सांगितलं जातं. मोठी विसंगती असेल तर ती जरूर तपासावी, ती तपासायला पोलीस आहेत. वकील करणं हा हक्क आहे, गुन्ह्याची खूण नाही, आणि ज्यांच्यावर अख्खं गाव बोट दाखवतंय त्यांनी वकील नाही करायचा तर कोणी करायचा?

मॅडलीन मॅक्कनवर मात्र थांबावं लागेल, कारण मेसेजमध्ये धडधडीत खोटं लिहिलंय. 3 मे 2007 ला पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझ इथल्या सुट्टीच्या फ्लॅटमधून ही चार वर्षांचीही नसलेली ब्रिटिश मुलगी गायब झाली. आईबाप दोघंही डॉक्टर, जवळच्याच रेस्टॉरंटमध्ये जेवत होते. इंग्लंडहून आणलेल्या कुत्र्यांनी फ्लॅटमध्ये आणि गाडीपाशी इशारा दिला हे खरं, पण त्या कुत्र्यांना हाताळणाऱ्या तज्ज्ञानेच लिहून दिलं होतं की दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर नुसत्या इशाऱ्यावर विसंबता येत नाही. डीएनए म्हणाल तर गाडीतला नमुना किमान तीन माणसांचा मिसळलेला निघाला आणि ब्रिटिश लॅबने सांगितलं की यातून ठोस अर्थ काढता येत नाही. शिवाय ती गाडी मुलगी गायब झाल्यावर तीन आठवड्यांहून जास्त काळाने भाड्याने घेतलेली. आईबापांना सप्टेंबर 2007 मध्ये औपचारिक संशयित ठरवलं होतं, जुलै 2008 मध्ये पुराव्याअभावी केस बंद झाली तेव्हा ते काढून टाकलं. त्याआधीच मार्च 2008 मध्ये डेली एक्सप्रेस आणि डेली स्टारने पहिल्या पानावर माफी छापली आणि साडेपाच लाख पौंड दिले, कारण आईबापांनीच मारलं असं सुचवणाऱ्या बातम्या त्यांना सिद्ध करता येत नव्हत्या. जून 2020 मध्ये जर्मन तपास अधिकाऱ्यांनी एका भलत्याच माणसाला मुख्य संशयित म्हणून जाहीर केलं. पकडून दिलं कुठे?

यात एक गोष्ट मला कबूल करावी लागते, मनात नसलं तरी. पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं की केस बंद झाली म्हणजे आईबाप निर्दोष सिद्ध झाले असं होत नाही. ठीक आहे. आणि तीन लहान लेकरांना फ्लॅटमध्ये झोपवून बाहेर जेवायला जाणं मलाही पटत नाही, मी नसते गेले. पण निष्काळजीपणा वेगळा आणि खून वेगळा, आणि मेसेज दोन्ही एकाच पिशवीत भरतो.

नव्वद टक्के घरचेच, या आकड्याला मेसेजमध्ये काहीही आधार दिलेला नाही. अर्धसत्य एवढंच, की लहान मुलांच्या बाबतीत गुन्हेगार पुष्कळदा ओळखीतलाच निघतो आणि म्हणून पोलीस घरापासून सुरुवात करतात. करावीच. ताईंच्या बाबतीतही तो ओळखीचाच होता. पण पोलिसांनी घरच्यांना चार प्रश्न विचारणं आणि भिशीतल्या बायकांनी आईला गुन्हेगार ठरवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हेच ग्रुप काही वर्षांपूर्वी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फिरवत होते, ज्यात एकही मूल पळवलेलं नव्हतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला तशाच अफवेवरून पाच भिक्षुकांना जमावाने ठेचून मारलं. जिथे मूल हरवलेलं नव्हतं तिथे लगेच विश्वास आणि जिथे आई समोर उभी राहून सांगतेय तिथे संशय, हे मला समजत नाही.

आता चोवीस तासांचं. हे सर्वात घातक खोटं आहे कारण पहिलेच तास मोलाचे असतात आणि लोक घरी बसून राहतात. असा नियम नाही. सुप्रीम कोर्टाने 10 मे 2013 ला बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेवर सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच आणि मूल पळवलं गेलंय असं धरूनच तपास सुरू करायचा. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला पाच न्यायाधीशांनी ललिता कुमारी प्रकरणात एफआयआर सक्तीचा केला, आणि ते प्रकरण कशाचं होतं? एक बाप आपल्या अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार घेऊन फिरत होता आणि पोलीस हलत नव्हते. नोएडाच्या निठारीत मुलं एकेक करून गायब होत होती तेव्हाही गरीब आईबापांना परत पाठवलं गेलं, मुलगी पळून गेली असेल म्हणून, आणि डिसेंबर 2006 मध्ये नाल्यात हाडं सापडली. ताईंनाही थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीने हेच ऐकवलं, "भाग गई होगी, कल आना," आणि एक आवेदन घेऊन शिक्का मारून दिला. आवेदन म्हणजे नुसता अर्ज, एफआयआर नव्हे. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मेसेज वाचलेल्या आमच्या इमारतीतल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नव्हतं.

तर हे पाठ करा आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर असेल तिथे त्याखाली टाका. मूल दिसत नाही म्हटल्यावर लगेच 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस) ला फोन, आणि सोबतच जवळच्या थान्यात जाणं. हद्द आमची नाही असं म्हणाले तरी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही थान्यात तक्रार घ्यावीच लागते. मुलाचा ताजा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाईल असेल तर नंबर, आणि वयाचा काहीतरी कागद, शाळेची मार्कशीटही चालेल, कारण अठराच्या आतलं आहे हे दाखवलं की गुम इंसानच्या, म्हणजे बेपत्ता माणसांच्या, रजिस्टरवर भागवता येत नाही, अपहरणाचं कलम लावावं लागतं. टीआय, म्हणजे थान्याचा प्रमुख, ऐकत नसेल तर तेच लेखी वरच्या अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवायचं आणि पावती ठेवायची, तिथेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. आईच्या तोंडून शब्द फुटत नसेल, किंवा ती अगदी शांत असेल, तर तिच्यासोबत कोणीतरी जा आणि तिच्या वतीने बोला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात पडल्याशिवाय थान्यातून उठू नका.