सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सुभेदारसाहेब,

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की लढाईत हबकून इस्पितळात पोचलेल्या माणसाचं रडगाणं मराठा सेंटरच्या (मराठा रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राच्या) गावात कशाला आळवता? आधी माझी चूक कबूल करते. एडिंबरातल्या त्या इस्पितळावर मी अर्धा लेख घालवला आणि पुढचं दोन ओळींत गुंडाळलं.

पुढचं असं. १९१८ मध्ये तो पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेला. ऑक्टोबरातल्या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबरला एका कालव्याकाठी तो पडला, वय २५. युद्ध थांबायला सात दिवस उरले होते.

पण मला जे सांगायचं होतं ते याहून वेगळं. १९१४ च्या सुमारास, अंगावर वर्दी चढायच्या आधी, याच ओवेननं भावांसाठी लढाईत मरणं गोड, अशा अर्थाच्या ओळी लिहिल्या होत्या. होरेस या रोमन कवीची री ओढून. तीन वर्षांनी होरेसची तीच ओळ, देशासाठी मरणं गोड आणि योग्य, त्यानं पुन्हा वापरली आणि तिला जुनं खोटं म्हटलं. या दुसऱ्या कवितेत विषारी वायूचा हल्ला आहे. एकाला मुखवटा चढवायला उशीर होतो, आणि बाकीच्यांना तो काचेपलीकडच्या हिरव्या उजेडात, समुद्रात बुडाल्यासारखा दिसतो. तो हिरवा रंग घरबसल्या सुचत नाही, साहेब. आधीच्या ओळींत असं काहीच नव्हतं, फक्त शब्द होते.

यात फौजेचा अपमान मला दिसत नाही. माझे काका एकाहत्तरची लढाई बघून आले होते. झोपेतून उठवायला काकूनं त्यांना कधी हात लावला नाही. दारात उभी राहून तांब्यावर चमचा वाजवायची. का, ते घरात कुणी विचारलं नाही. आणि हेच काका कसम परेडचं, म्हणजे नव्या जवानांच्या शपथेच्या संचलनाचं, बोलावणं आलं की आदल्या रात्री स्वतः कोटाला इस्त्री करायचे, पदकं पुसायचे. त्यांचा अभिमान खरा होता, तांब्याही खरा होता. मला ओवेन कळला तो या घरामुळे.

काका कविता वाचत नव्हते. एकदा परेडहून मी त्यांना स्कूटरवर घेऊन येत होते. कॅम्पातून बाहेर पडताना मागून एवढंच म्हणाले, "अगं, काहींना तर मिशासुद्धा फुटल्या नव्हत्या." मग घर येईपर्यंत एक शब्द नाही.